चाळीसावी

६ जानेवारी, सोमवार

चौदाच. पाहिजेत चाळीस आणि सोनमला सापडल्या चौदा. आल्या आल्या पर्स सोफ्यावर टाकली आणि पंख्याखाली बसली, थंडीत.

माझ्या नातवानं, निशांतनं ही बायको आणली, ती दोन वर्षं घरात बसून माझे डबे पुसत होती. पुसलेलेच परत पुसायची. आता नोकरी लागली तर कसली — पोटुशी बायका शोधायची! उलव्यात दारोदार जायचं, बेल वाजवायची आणि विचारायचं, घरात कुणी गरोदर आहे का? त्यातही पोट दिसायला लागलेली चालत नाही. बारा आठवड्यांच्या आतली पाहिजे. म्हणजे दिसते ती नको, दिसत नाही ती आणा.

कशापायी, म्हणून विचारलं. म्हणाली, ‘आजी, इथून न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर जातात दिवसभर. त्या धुरानं पोटातल्या बाळाला काही होतं की नाही, ते मोठे डॉक्टर शोधतायत. पहिल्यापासून बघावं लागतं. नंतर बघून कळत नाही.’

बरोबर आहे. दूध उतू गेल्यावर गॅसकडे बघून काय कळणार. पण तीन महिन्यांच्या आत कोण बाई तोंड उघडते? मी सासूला सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. या घरातपण तोच नियम. सोनम माप ओलांडून आली त्याच आठवड्यात सांगून ठेवलंय — तीन महिने भरेपर्यंत बाईनं बोलायचं नाही आणि घरच्यांनी विचारायचं नाही. नजर लागते. नजर नाही लागली तर नातेवाईक लागतात.

अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत चाळीस भरल्या नाहीत तर उलव्याचं काम बंद. सोनम परत घरी. परत माझे डबे.

८ जानेवारी, बुधवार

सोनमनं फॉर्म माझ्यावर करून बघितला. सराव म्हणे. माझं वय त्र्याहत्तर.

‘शेवटची पाळी कधी आली, आजी?’

म्हटलं, ‘निशांतच्या बापाचं लग्न झालं त्या वर्षी.’

‘तारीख सांगा.’

‘लग्नाची सांगते. ती पत्रिकेत आहे.’

टॅब तारीख टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. तिनं लग्नाचीच टाकली. टॅबनं हिशोब केला आणि लाल अक्षरात दाखवलं — मी चौदाशे आठवड्यांची गरोदर आहे, तातडीनं डॉक्टरांना दाखवावं.

सोनम हसली नाही. म्हणाली, ‘सगळ्यांचं असंच आहे. तारीख कुणालाच आठवत नाही. कुणी म्हणतं तुळशीचं लग्न लागलं त्या दिवशी, कुणी म्हणतं गावाला जत्रा होती तेव्हा. टॅबला जत्रा कळत नाही.’

म्हटलं, मला कळते. गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. तुळशीच्या लग्नाची तारीख दिली. म्हसोबाची जत्रा कधी, तेपण सांगितलं. सात बायकांच्या तारखा अर्ध्या तासात लावून दिल्या. मोठे डॉक्टर काय करतात कुणास ठाऊक.

आणखी एक गंमत. पहिलं मूल जन्मलं तेव्हा वजन किती, असं विचारलं की दहातल्या सात जणी अडीच किलो म्हणतात. सोनमला ताप झालाय. यात ताप कसला? वरचे दीडशे-दोनशे ग्रॅम कोण धरतं. भाजीवालापण सोडतो.

११ जानेवारी, शनिवार

सोनमला तिघी दाखवल्या. मी खाली बाकावर बसते सकाळी, मला कॅमेऱ्याची गरज नाही.

दुसऱ्या मजल्यावरची पाण्याचा वीस लिटरचा जार स्वतः उचलायची. परवापासून नवरा उचलतो. नवरा उगाच वाकत नाही. बी विंगमधली स्कूटीवर मागे बसते ती स्पीडब्रेकर आला की उतरून चालते आणि पुढे जाऊन परत बसते. तिसरी पाणी यायच्या वेळी रोज भांडायची. आता गप्प.

तिन्ही निघाल्या. चौथी चुकली. ती नुसती जाड झालीय. तिनं सोनमच्या तोंडावर दार आपटलं.

मी सांगितलं असं कुठे बोलायचं नाही, अशी सोनमला शपथ घातली. दुसऱ्याच्या घरातलं तीन महिन्यांच्या आत बोलणं बरं नव्हे. पण मी बोलले नाही. मी फक्त बोट दाखवलं.

१३ जानेवारी, सोमवार

श्यामसुंदरनं लिफ्टजवळ नोटीस लावली. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. बँकेतून रिटायर झाला पण शिक्का सुटला नाही हातातून. सोनमनं बिचारीनं एवढंच विचारलं होतं, की सभासदांना जरा सांगाल का. यानं लिहिलं —

‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या सदनिकेत कोणी गरोदर असल्यास तसा अर्ज दोन प्रतींत कार्यालयात सादर करावा. भाडेकरूंनी सदनिकामालकाचे ना-हरकत पत्र जोडावे.’

मी त्याला खाली गाठला. म्हटलं, ‘भाडेकरूच्या बायकोला मूल व्हायचं तर मालकाची हरकत कशाला असेल?’

म्हणाला, ‘आजी, प्रोसिजर असते. पार्किंगचं आधी नोंदवलं नाही म्हणून किती भांडणं झाली.’

दिवसभरात एक अर्ज आला. डी विंगमधल्या एका माणसाचा. मांजर गाभण आहे म्हणून.

१६ जानेवारी, गुरुवार

आता नवीन फजिती. हो म्हटलेल्या बाईला हे लोक एक मशीन देतात. साबणाच्या वडीएवढं. आत बारीक पंखा घुर्र घुर्र करतो आणि हवेतली धूळ मोजतो. बाई कुठे कुठे गेली तेपण लिहून ठेवतो. दहा दिवस कमरेला बांधून फिरायचं. वर निळा पाऊच.

तो निळा पाऊच म्हणजे कपाळावर पाटी. वॉचमनलासुद्धा कळलं. एका बाईचं लिफ्टमध्ये तिघांनी अभिनंदन केलं, नववा आठवडा तिला! ती रडत वर गेली आणि मशीन परत. अशी चार मशीनं परत आली.

सोनम म्हणते, डॉक्टर गीतांजली म्हणाल्या की पाऊच बाहेरच पाहिजे, ओढणीखाली ठेवला तर हवा आत जात नाही. डॉक्टर गीतांजली म्हणजे यांची मोठी बाई. परळला बसते. तिला काय, परळहून पाऊच दिसत नाही.

१९ जानेवारी, रविवार

उपाय सापडला. भाकरी थापताना सापडला, जसे सगळे सापडतात.

आमच्या कराडकडे धनगर म्हणायचा, एक मेंढरू हुडकायचं तर सोपं, कळपात घातलं की त्याचं त्याला सापडत नाही. सगळ्याच बायकांच्या कमरेला निळा पाऊच आला तर पोटुशी कुठली आणि बिनपोटुशी कुठली?

हळदीकुंकू तोंडावर आहे. वाण काय द्यायचं म्हणून सोनम चाळण्या बघत होती. म्हटलं, चाळण्या राहू देत. पाऊच दे.

शकिलाला सांगितलं. दारासमोर दार आमचं. ती मूळची उरणकडची, शिवणयंत्र आहे तिच्याकडे आणि हात चालतो. जीभपण चालते. म्हणाली, ‘बायजा, तुमची संक्रांत, तुमचं वाण आणि पाठ मोडणार माझी? तिळाच्या वड्या दोन डबे पाहिजेत.’ म्हटलं तीन घे, पण साठ शीव. म्हणाली, ‘साठ? अख्खी सोसायटी पोटुशी करतेस काय!’

२५ जानेवारी, शनिवार

हळदीकुंकू झालं. मला कुंकू कुणी लावत नाही, नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पण वाण वाटायला माणूस लागतंच. साठच्या साठ संपले. आत साबणाची वडी घातली होती, वजन बरोबर यावं म्हणून. सगळ्यांना वाटलं वाण साबणाचं आणि पाऊच वरचं वेष्टन.

चौथ्या मजल्यावरच्या गोजराला खरं सांगितलं. आमच्या भजनी मंडळाची ती प्रमुख. तिनं मंडळाला फर्मान काढलं — मंडळाच्या बायकांनी पाऊच कमरेला लावूनच फिरायचं, आत टाळ ठेवा, चष्मा ठेवा, काही ठेवा.

२९ जानेवारी, बुधवार

सगळी सोसायटी निळी. श्यामसुंदरची आई ब्याऐंशीची, तीपण पाऊच लावून फेऱ्या मारते. दूधवाला मला विचारतो, आजी, ही काय स्कीम आहे? मलापण मिळेल का?

मशीन परत केलेल्या चारी जणींनी ती पुन्हा घेतली. शेजारच्या तीन सोसायट्यांतपण पाऊच गेले. सोनम आज एकतीसवर आहे. रात्री पोळ्या तिनं केल्या. जाड होत्या.

२ फेब्रुवारी, रविवार

शकिलाची सून मुस्कान. तेहतीस नंबर. अकरावा आठवडा. मला महिन्यापूर्वीच कळलं होतं पण शकिलाला म्हटलं नाही आणि शकिला मला म्हणाली नाही. दोघींनी मिळून पाऊच शिवले आणि दोघी गप्प! आज सोनम मशीन घेऊन समोरच्या दारात उभी राहिली तेव्हा शकिला माझ्याकडे बघून म्हणाली, ‘तुला माहीत होतं.’ म्हटलं, ‘तुला माहीत होतं की मला माहीत होतं.’

विषय संपला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

शकिला आली. मुस्कानच्या मामेबहिणीचं लग्न उरणला, चार दिवस. भरजरी कपड्यावर निळा पाऊच कसा लावायचा? तिथे आपली सोसायटी नाही. तिथे तो एकटाच दिसणार आणि तिच्या मावश्या विचारणार.

‘घरात ठेवला तर?’ मी म्हटलं.

‘घरात ठेवला तर मशीनला कळतं हलत नाही म्हणून. सोनमला फोन येतो. मागच्या वेळी आला होता.’

मशीन हलतं राहिलं पाहिजे एवढंच ना. म्हटलं आण इकडे. चार दिवस मी बांधते. माझ्या कमरेला साबण आहे तो काढते आणि हे घालते. सोनमला सांगायचं नाही, तिला उगाच टेन्शन.

१० फेब्रुवारी, सोमवार

मशीन बांधलं की विसरायला होतं. सकाळी देवापुढे धूप घातला, लोबान घातला. काल सुके बोंबील भाजले, सगळा मजला खोकला. आज सी विंगमध्ये वास्तुशांत होती. गोजरानं मला होमाजवळच बसवलं, तीन तास. डोळ्यातून पाणी. मशीन बिचारं घुर्र घुर्र करत होतं कमरेला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

चाळीस! चौदा दिवस हातात ठेवून. सोनमनं हाफिसातून आइस्क्रीम आणलं. दात ठणकला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

सकाळी अकराला डॉक्टर गीतांजली स्वतः आल्या, परळहून, बरोबर दोन माणसं. समोरच्या दारात. सोनम मागे, तोंड पांढरं. मीपण गेले, दार उघडंच होतं.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, चष्मा, आवाज गोड. मुस्कानला समोर बसवलं आणि लॅपटॉप उघडला. रेघ होती. रेघ खाली खाली जात होती आणि चार दिवस एकदम डोंगर.

‘आमच्या अख्ख्या अभ्यासात एवढा धूर कुणालाच मिळालेला नाही,’ बाई म्हणाल्या. ‘ट्रेलरच्या रस्त्यावरसुद्धा नाही. तुम्ही कुठे होतात?’

मुस्कान म्हणाली, ‘लग्नाला.’

‘मशीन म्हणतंय सोसायटीतच होतात. सोमवारी तर तीन तास सी विंगमध्ये.’ मग बरोबरचा माणूस हळूच म्हणाला, ‘मॅडम, तिथे त्या दिवशी होम होता. मी वॉचमनला विचारलं.’

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ‘तुम्ही होमाला बसला होतात?’

शकिला म्हणाली, ‘माझी सून? होमाला?’ आणि माझ्याकडे बघितलं नाही. जिवाचा आटापिटा करून बघितलं नाही.

बाई म्हणाल्या, घाबरू नका, पण दर आठवड्याला रक्त घेऊ, सोनोग्राफी करू, परळला यावं लागेल. मुस्कान रडायला लागली. तिला वाटलं पोटातल्याला काही झालं.

मग मी सांगितलं. धूप, बोंबील, होम, सगळं. कमरेचा पाऊच काढून साबण दाखवला. बरोबरचा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, खांदे हलत होते त्याचे.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक घरी चौकशी लावली. सोसायटीतल्या मशीनांपैकी तीन सासवांच्या कमरेला निघाली, एक देवाजवळ खुंटीवर आणि एक डी विंगमधल्या कुत्र्याच्या पट्ट्याला. कुत्रं खूप हिंडतं म्हणून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाकीच्यांची मोजणी परत घेणार. मुस्कानचे बारा आठवडे उलटले, तिची परत घेता येत नाही. तेहतीस नंबर रद्द.

एकोणचाळीस.

सोनम रात्री यादी परत मोजत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. डॉक्टरीणबाई काल जाताना जिन्यात मला म्हणाल्या होत्या, ‘आजी, तुम्हाला वाटतं एका बाईनं काय फरक पडतो. किती पोटं तीन महिन्यांच्या आतच संपतात, हे कुणालाच माहीत नाही. कारण तीन महिन्यांच्या आत कुणी सांगतच नाही. ती कुठल्याच वहीत येत नाहीत. म्हणून लवकर शोधतो. जी जातात तीपण आम्हाला मोजायची आहेत.’

मी म्हटलं, ‘जे गेलं ते मोजून काय करणार?’

त्या म्हणाल्या, ‘मोजलंच नाही तर का गेलं ते कसं विचारणार?’

मी कठडा धरून वर आले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

एक पाहिजे. फक्त एक. माझ्यामुळे गेली, मीच आणणार.

लिफ्टजवळ खुर्ची टाकून बसले. नवीन लग्न झालेल्या तिघी बघितल्या, तिघी पायऱ्या पळत चढतात. एकीला सरळच विचारलं. म्हणाली, ‘आजी, प्रायव्हसी असते.’ म्हटलं, ‘ती मार्चपासून ठेव.’

गोजरा म्हणाली, ‘आमच्या सुनेला सांगू का? पुढच्या महिन्यात चालेल?’ आता हिला काय सांगायचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

खारघरला भाचीकडे जाऊन आले. तिथे टॉवरच टॉवर आणि प्रत्येकात नवी जोडपी. दोन सापडल्या! सोनमला फोन केला तर म्हणाली, ‘आजी, खारघर दुसऱ्या मुलीचं आहे. मला उलवेच.’ म्हणजे पोटुशा बायकांनापण हद्द असते, पोलीस स्टेशनसारखी.

बसला उभं राहावं लागलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चाळीस झाल्या.

सोनम सात वाजता आली आणि एवढंच म्हणाली. म्हटलं, कोण? म्हणाली, ‘नाव नाही सांगता येत, आजी.’ उलव्यातलीच? हो. आपल्या सोसायटीतली? पर्स खुंटीला लावली. हो. ‘नोंद मी केली नाही. दुसरीनं केली. डॉक्टरांनी स्वतः सही केली.’

नोकरी राहिली. निशांत आणि ती दोघं गप्प जेवली. यश पचत नाही या पोरांना. मी मात्र दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

४ मार्च, मंगळवार

चार दिवस डोळ्यात तेल घालून बघतेय. आपल्याच सोसायटीतली, आणि मला दिसली नाही? जार, जिना, स्कूटी, सगळं तपासलं. कुणीच बसत नाही.

आज सुईदोरा शोधायला सोनमच्या कपाटाचा खण उघडला. गोळ्यांची पट्टी. तसल्या गोळ्या ही सगळ्यांना वाटते, पहिल्या महिन्यापासून घ्यायच्या, मी ओळखते. पण ही बिलासकट होती. बिलावर नाव सोनमचं. पंधरा फेब्रुवारी.

मी अख्ख्या उलव्यात हिंडले आणि ती माझ्याच स्वयंपाकघरात जाड पोळ्या लाटत होती!

खण बंद केला. सुईदोरा नाहीच सापडला. विचारायचं नाही. नियम माझाच आहे. बिलाच्या तारखेला महिना धरला तर चौदा एप्रिलला तीन भरतात.

७ मार्च, शुक्रवार

धूप बंद. बोंबील बंद. निशांत म्हणाला, ‘आजी, देव रुसेल.’ म्हटलं, देवाला दमा आहे.

शकिलाचे रोजे चालू आहेत. म्हणाली, ‘रोजा माझा आणि उपाशी तुझं नाक?’ तिला काही सांगितलं नाही. पण ती बघत होती माझ्याकडे, जशी मी तिच्याकडे बघत होते जानेवारीत.

१२ मार्च, बुधवार

बिल्डिंगखाली ट्रेलर उभे राहतात, इंजिन चालू ठेवून. सगळा धूर सरळ आमच्या खिडकीत. इतकी वर्षं दिसला नव्हता. आज काठी घेऊन खाली गेले.

ड्रायव्हर जोतीराम म्हणून, बीडकडचा. म्हणाला, ‘आजी, इंजिन बंद केलं तर एसी बंद. मी आत शिजतो.’

म्हटलं, ‘शीज.’

मग ताक नेऊन दिलं. त्यानं बंद केलं. बाकीच्या तिघांनापण ओरडून सांगितलं, म्हातारी डेंजर आहे.

निशांतला हाफिसात कळलं. त्याची कंपनी कंटेनरचीच कामं करते. तो म्हणतो, ‘आजी, पोर्ट बंद करतेस काय?’ बघू. अजून महिना आहे.

१९ मार्च, बुधवार

लिफ्ट तीन दिवस बंद. श्यामसुंदरला म्हटलं, आज चालू नाही झाली तर तुझ्या ऑफिसात अर्ज टाकते, दोन प्रतींत, आणि तुझ्या आईचं ना-हरकत पत्र जोडते. चारला चालू झाली.

सोनम तरी जिन्यानंच येते. हिला काही सांगायची सोय नाही. ओकारी नाही, आंबट नाही, तोंड बारीक झालंय. पण जेवते. माझे महिनेपण असेच गेले होते, काम करता करता.

पट्टीतल्या अकराच गोळ्या खाल्ल्यात. परत बघितली, अकराच. विसरभोळी. लोकांना वाटत फिरते आणि स्वतःची विसरते. बोलता तर येत नाही. म्हणून आज पट्टी तिच्या चहाच्या कपाजवळ ठेवून दिली, जशी काही चुकून राहिली.

ती पट्टीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी भाजी निवडत होते. तिनं पट्टी उचलली आणि ठेवून आली. चहा तसाच गार झाला.

२७ मार्च, गुरुवार

जुनी मऊ लुगडी काढून धुतली, चार. घरात फडकी लागतात.

३१ मार्च, सोमवार

शकिलाकडे ईदचा शीरखुर्मा. मुस्कानचं पोट आता दिसतं, सगळ्यांदेखत मिरवते. शकिला वाटी भरताना हळूच म्हणाली, ‘तुझ्याकडे कधी?’ म्हटलं, ‘चौदाला विचार.’

घरी आले आणि स्वतःवरच चिडले. तोंडातून गेलं.

९ एप्रिल, बुधवार

पाच दिवस. हे लिहिते म्हणजे मला काही घाई आहे असं नाही. पणतवंड झालं की आंघोळ मलाच घालावी लागणार, कंबर कुठे आहे माझी. सोनमची नोकरी मी सुटू देणार नाही एवढं नक्की. डबे मी पुसेन.

१४ एप्रिल, सोमवार

तीन महिने भरले. सुट्टी होती, सोनम घरी. पुढ्यात शिऱ्याची वाटी ठेवली आणि विचारलं.

म्हणाली, ‘आजी, ते गेलं. शिवरात्रीला सकाळी, अठ्ठावीसच्या दोन दिवस आधी. दवाखान्याचा आधीचा कागद होता म्हणून डॉक्टरांनी नोंद धरली. चाळीसावी ती.’

शिवरात्रीला तिनंच मला खिचडी करून वाढली होती. मी म्हटलं होतं, मीठ जास्त झालंय.